हार्नेससाठी आणि मेन्टेनन्ससाठी हीट गन: एकच दमदार घ्यावी की वेगवेगळ्या?

अंबडची सुपरवायझर, नाशिक

नमस्कार मंडळी,

मी अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये असेंब्ली सांभाळते. आम्ही एकूण सतरा जण, त्यातल्या अकरा मुली बेंचवर. शेतीपंपाच्या स्टार्टर पॅनेलची वायरिंग करतो आणि ट्रॅक्टर ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांचे हार्नेस, म्हणजे जोडून बांधलेले वायरींचे संच. ट्रॉलीचं हार्नेस म्हणजे चिखल, पाणी, उसाचं पाचट, सगळं झेलणारं. म्हणून स्प्लाइसवर, म्हणजे वायरींच्या जोडावर, साधी श्रिंक स्लीव्ह (तापली की आकसणारी नळी) चालत नाही, आतून गोंद असलेली लागते. ती गरम झाली की आकसते आणि आतला गोंद वितळून दोन्ही टोकं बंद करतो.

श्रावणात गिऱ्हाइकाकडून ४६ हार्नेस परत आले. मी स्वतः बसून एकेक स्लीव्ह ब्लेडने उभी चिरली. दोन तऱ्हा दिसल्या. काहींत स्लीव्ह वरून घट्ट बसलेली, पण आतला गोंद वितळलाच नव्हता. पाणी वायरीच्या कडेने आत शिरलं आणि तांबं हिरवं पडलं. काहींत बरोबर उलट: गोंद नीट बाहेर आलेला, पण स्लीव्हच्या कडेला वायरीचं पीव्हीसी तपकिरी झालेलं, वाकवलं की तडकतं. बॅच एक, बेंच एक आणि हातही एकाच मुलीचा.

मीटिंगमध्ये दोष त्या मुलीच्या नावावर लिहिला गेला. ती सहा वर्षं हे काम करते. तिचं क्रिम्पिंग (वायरीचे जोड दाबून बसवणं) मी डोळे मिटून पास करते. मला तो शेरा मान्य नाही. पण नुसतं मान्य नाही म्हणून भागत नाही, कारण दाखवावं लागतं. म्हणून इथे आले.

आमच्याकडे तीन हीट गन, म्हणजे गरम हवेचा झोत फेकणारी हत्यारं, आहेत. तिन्ही दोन खटक्यांच्या. डब्यावर २००० वॅट, पहिल्या खटक्याला ३५० आणि दुसऱ्याला ६०० अंश असं छापलंय. त्याच गन मेन्टेनन्सवाले जाम बोल्ट सोडवायला, कपलिंग (दोन शाफ्ट जोडणारा भाग) काढायला, एकदा तर भिजलेली मोटर वाळवायलाही घेऊन गेले. परत येताना एकीचं नोझल चेपलेलं होतं, दुसरी चालू केली की जळका वास येतो. मालकांनी ३०,००० रुपये मंजूर केलेत. त्यांचं म्हणणं, एकच चांगली २३०० वॅटची घ्या, दोन्हीकडे चालेल. मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही ते मला नीट सांगता येत नाहीये. बॅटरीवरची घ्यावी असंही एकाने सुचवलंय. ज्यांनी रोज हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा.

जुना फिटर, शिरोली

ताई, गन घ्यायच्या आधी मल्टिमीटर घ्या. तुमच्या बेंचवर गन ज्या बोर्डाला लावली आहे त्याच बोर्डाच्या शेजारच्या सॉकेटात प्रोब घाला आणि गन चालू असताना व्होल्टेज वाचा. एकदा सकाळी, एकदा कॉम्प्रेसर आणि बाकीची मशीनं चालू असताना. आकडा इथे टाका. मी ३१ वर्षं फाउंड्रीच्या मशीन शॉपला मेन्टेनन्स केलंय, आणि हीट गनबद्दल आलेल्या निम्म्या तक्रारी शेवटी वायरीपाशी येऊन थांबलेल्या बघितल्या आहेत.

कारण सांगतो. डब्यावरचे २००० वॅट हे २३० व्होल्टला असतात. आतलं एलिमेंट, म्हणजे तापणारी तार, हा नुसता रेझिस्टन्स, त्याचे वॅट व्होल्टेजच्या वर्गाने उतरतात. २०० व्होल्ट मिळाले तर २००० चे १५०० होतात. पाव भाग उष्णता गायब, आणि गनवर कुठे दिसत नाही. वर बऱ्याच स्वस्त गनमध्ये पंख्याची मोटर त्याच एलिमेंटमधून टॅप काढून चालवलेली असते. व्होल्टेज पडलं की पंखाही मंदावतो. मग हवा कमी, वॅट कमी, आणि तोंडाशी तापमान किती ते देव जाणे. खटका मात्र त्याच जागी. मुलीने काय करायचं?

आता डब्यावरच्या दोन आकड्यांकडे या. एकीकडे ‘६०० अंश’, दुसरीकडे ‘मिनिटाला ५०० लिटर’. हे दोन्ही एकाच वेळी मिळतात असं समजू नका. मी हिशोब करून बघितलाय, तुम्हीही करा. एक घनमीटर हवा साधारण १.२ किलो, आणि एक किलो हवा एक अंशाने तापवायला सुमारे १००० ज्यूल. २००० वॅटमध्ये खोलीतली हवा ६०० अंशांवर न्यायची तर मिनिटाला जेमतेम १६५-१७० लिटर जाते. ३५० अंशांवर समाधान मानलं तर ३०० लिटर. म्हणजे वॅट हे तापमान नाही. वॅट म्हणजे किती हवा किती तापवता येते याची ऐपत.

म्हणून मोठ्या वॅटचा तुमच्या बेंचवर उपयोग आहे, पण मालक म्हणतात त्या कारणासाठी नाही. श्रिंक स्लीव्हला ६०० अंश कधीच लागत नाहीत. साधी पॉलिओलेफिन प्लास्टिकची स्लीव्ह ९० च्या आसपास आकसायला लागते आणि १२० च्या आसपास पूर्ण बसते. गोंदवाल्या स्लीव्हला थोडं जास्त, डेटाशीट बघा. तुम्हाला ३००-३५० ची हवा हवी, पण ती सकाळी, संध्याकाळी, कॉम्प्रेसर चालू असताना तीच हवी. त्यासाठी तोंडाशी सेन्सर असलेली, डिस्प्लेवर अंश लावता येणारी गन घ्या. ती हवा मोजते आणि एलिमेंटला कमीजास्त करते. व्होल्टेज पडलं तरी तिच्या हातात शिल्लक ऐपत असते, ती लावून ती ३५० धरून ठेवते. खटक्यावाली गन फक्त पूर्ण जोर किंवा अर्धा जोर एवढंच जाणते.

उदाहरण म्हणून सांगतो, बॉशच्या जीएचजी २०-६३ मध्ये नावातच सगळं आहे: २० म्हणजे २००० वॅट आणि ६३ म्हणजे ६३० अंशांपर्यंत. तापमान आणि हवा वेगवेगळी लावता येतात. मकिता, श्टाइनेल यांच्याही अशा गन आहेत. मला कुणाची जाहिरात करायची नाही. तुम्ही दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: ‘याचं एलिमेंट आणि कार्बन ब्रश नाशिकमध्ये मिळतात का, आणि किती दिवसांत?’ उत्तर द्यायला तो अडखळला तर तिथून उठा. बेंचवरची गन दिवसाला सात-आठ तास चालते. तिचं एलिमेंट कधीतरी जाणारच.

मेन्टेनन्सची गन ही वेगळीच वस्तू आहे. तिथे अचूक अंश लागत नाहीत. ती पडते, तेलकट हातांनी उचलली जाते, शिडीवर नेली जाते. दोन खटक्यांची, जाड केबलची, साधी आणि मजबूत गन तिथे पुरते. पण तिच्याकडून कोणतं काम घ्यायचं हे त्या पोरांना शिकवायला हवं.

चांगलं काम: थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद) लावलेला बोल्ट. कायमचा धरणारा लाल थ्रेडलॉकर साधारण २५० अंशांना हार मानतो. एम८, एम१० बोल्टला निमूळतं नोझल लावून गन धरा आणि गरम असतानाच पाना लावा. थंड झाला की पुन्हा धरतो. पीयू पाइप (प्लास्टिकची लवचिक नळी) जोडाच्या खाचांच्या तोंडावर चढवायला, स्टिकर काढायला, गॅस्केटचं चिकटलेलं उरलंसुरलं खरवडायला, केबलच्या लगवर स्लीव्ह चढवायला, इथे गन एक नंबर.

सगळ्यात चांगलं काम म्हणजे मोटरच्या ॲल्युमिनियमच्या एंड शील्डमधून (टोकाच्या झाकणातून) बेअरिंग काढणं. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ६२०६ बेअरिंगचा बाहेरचा व्यास ६२ मिलिमीटर. दोघंही ८० अंशांनी तापले तरी घर (शील्डमधली बेअरिंगची जागा) बेअरिंगपेक्षा पाच शतांश मिलिमीटरने जास्त मोठं होतं. बेअरिंग पुलर न लावता नुसत्या लाकडी ठोक्याला बाहेर येतं. मी माझ्या पोरांना हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. घराला काहीही इजा नाही.

वाईट काम: स्टीलच्या शाफ्टवरचं स्टीलचं कपलिंग. चार किलोचं कपलिंग १५० वर न्यायला सुमारे २४५ किलोज्यूल लागतात. गनच्या हवेतली फार तर दहा-पंधरा टक्के उष्णता लोखंडात शिरते, बाकी हवेत. म्हणजे पंधरा-वीस मिनिटं गन धरून उभं राहायचं, आणि तेवढ्या वेळात शाफ्टही तापतो. दोघंही फुगले तर सुटणार काय? तिथे झटकन तापवावं लागतं, गॅस किंवा इंडक्शन. तुमच्या गनचा जळका वास बहुतेक अशाच कामातून आलाय. तोंड लोखंडाला टेकवून धरलं की हवा अडते, एलिमेंट लाल होतं आणि आतला मायका करपतो.

नवीन बेअरिंग चढवायलाही गन नको. एका बाजूने तापतं, ग्रीस वितळतं. इंडक्शन हीटरवर ११० पर्यंत, सीलवालं असेल तर ८० च्या पुढे नाही.

अंबडची सुपरवायझर, नाशिक

काका, तुम्ही सांगितलं तसं केलं. सकाळी नऊला २२६ व्होल्ट. दुपारी चारला, कॉम्प्रेसर आणि दोन प्रेस चालू असताना, गन लावल्यावर २०३. बेंचला लांबून आणलेलं एक्स्टेन्शन आहे, २५ मीटरचं, आणि अर्धी वायर अजून रिळावरच गुंडाळलेली. हात लावला तर रीळ गरम होतं. सहा वर्षं मी त्या रिळाच्या बाजूने रोज जाते.

तुमचा हिशोब वाचून मी परत आलेल्या हार्नेसकडे पुन्हा बसले. या वेळी दोष कोणत्या स्प्लाइसवर आहे ते लिहून काढलं, जे मी पहिल्यांदा केलं नव्हतं. गोंद न वितळलेल्या २९ निघाल्या, त्यातल्या २७ अर्थिंगच्या स्प्लाइसवर. तिथे २.५ चौरस मिलिमीटरच्या चार वायरी एकत्र येतात. पीव्हीसी तपकिरी झालेल्या १७ होत्या आणि त्या सगळ्या नंबरप्लेटच्या दिव्याच्या बारीक स्प्लाइसवर. तिथे ०.७५ च्या दोनच वायरी.

म्हणजे ती मुलगी प्रत्येक स्लीव्हला सारखाच वेळ देत होती. आम्हीच तिला तसं शिकवलं होतं: ‘दहापर्यंत मोज आणि पुढे जा.’ मला हे वाचून फार वाईट वाटलं. तिने सांगितलेलं अगदी तंतोतंत केलं.

भोसरीचा हार्नेसवाला

ताई, तुमची २७ आणि १७ ची यादी बघून मला बरं वाटलं. पन्नास गन बदलून जे कळत नाही ते या यादीत आहे. मी भोसरीत हार्नेस लाइनवर प्रोसेस बघतो, माझा अनुभव लिहितो.

जाड स्प्लाइस म्हणजे तांब्याचा गोळा. तांबं उष्णता पितं आणि वायरींतून दोन्ही बाजूंना वाहून नेतं. स्लीव्हचं बाहेरचं कातडं आकसून घट्ट झालं तरी आत तांब्याला टेकलेला गोंद थंडच असतो. बाहेरून बघून हे कधीच कळत नाही. म्हणून वेळ आणि तापमान स्प्लाइसच्या जाडीनुसार ठरवावं लागतं. आमच्याकडे तीन गट आहेत, तुमच्याकडे दोन पुरतील.

ते ठरवायचं कसं? एक डमी स्प्लाइस बनवा, तांब्यांच्या मधे बारीक के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घाला आणि वर स्लीव्ह चढवा. थर्मोकपल लावता येणारा मल्टिमीटर पुरेसा आहे. मग गनचं सेटिंग, अंतर आणि सेकंद बदलत बघा, आतलं तापमान गोंदाच्या डेटाशीटमधल्या आकड्याला केव्हा पोचतं. बरोबर कडेच्या वायरीच्या पीव्हीसीवर दुसरं थर्मोकपल चिकटवा. साध्या पीव्हीसी वायरीचं रेटिंग ७० अंश असतं, काही सेकंद त्याहून जास्त सहन करते, पण किती ते तुमच्याच वायरीवर बघा. आत गोंद वितळला आणि बाहेर पीव्हीसीचा रंग बदलला नाही, ती तुमची खिडकी, म्हणजे चालणारी मर्यादा. बारीक स्प्लाइसला ही खिडकी फार अरुंद असते.

इन्फ्रारेड बंदूक (लांबून तापमान दाखवणारं मीटर) रोखून गनच्या हवेचं तापमान मोजू नका. ती हवा मोजत नाही, समोरचा पृष्ठभाग मोजते, आणि चकचकीत तांब्यावर तर भलताच कमी आकडा दाखवते. आमच्याकडे याच चुकीवर एक अख्खा आठवडा गेला.

नोझलबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. स्लीव्हसाठी रिफ्लेक्टर नोझल घ्या, अर्धगोल, चमच्यासारखं. हवा स्लीव्हला वळसा घालून मागूनही तापवते. ते नसलं की ऑपरेटर हार्नेस फिरवत बसते, एक बाजू करपते आणि दुसरी राहते. तीनशे-चारशे रुपयांची वस्तू आहे, पण माझ्या मते गनच्या ब्रँडपेक्षा हिने जास्त फरक पडतो. हात लावताना मात्र जपा, गन बंद केल्यावरही पंधरा-वीस मिनिटं नोझल भाजतं.

गन बेंचवर स्टँडला पक्की बसवा, तोंड आडवं, आणि समोर एक पिन ठेवा. हार्नेस पिनवर टेकवला की अंतर आपोआप ठरतं. अंतर हाताच्या भरवशावर सोडलं तर सेटिंग कितीही अचूक लावा, उपयोग नाही. स्लीव्ह मधून सुरू करून टोकांकडे न्यायची, म्हणजे हवा आत अडकत नाही. दोन्ही टोकांना गोंदाची अखंड बारीक कडी दिसली पाहिजे.

शेवटी एक गोष्ट सुरक्षेची. पीव्हीसी करपतं तेव्हा हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ निघते. अकरा मुली दिवसभर तिथे बसतात. बेंचवर ओढणारा पंखा लावा, छताचा नाही. छताचा पंखा धूर नाकाशी आणतो आणि गनच्या झोतालाही हलवतो.

मोटर रिवाइंडिंग, सांगली

भिजलेली मोटर हीट गनने वाळवली हे वाचून राहवलं नाही. माझ्याकडे अशा मोटरी नंतर रिवाइंडिंगला येतात. वाइंडिंग एफ क्लासचं असेल तर १५५ अंशांपर्यंतचं, आणि गनच्या तोंडाशी ४००-५०० अंश. जिथे झोत लागतो तिथलं व्हार्निश फुटतं, आणि स्लॉटच्या आतला ओलावा मात्र तसाच राहतो कारण हवा तिथे पोचतच नाही. वरून सुकी, आतून ओली. मेगर (इन्सुलेशन मोजणारं मीटर) थोडा वेळ चांगला दाखवतो आणि चालू केल्यावर दोन दिवसांत जळते. भिजलेली मोटर उघडा, रोटर काढा, ओव्हनमध्ये ८०-९० अंशांवर रात्रभर ठेवा. ओव्हन नसेल तर पूर्वी आम्ही पेटीत २०० वॅटचे दोन बल्ब लावून वाळवायचो, तेही चालतं. मेगर सुरुवातीला, मधे आणि शेवटी घ्या आणि लिहून ठेवा. आकडा चढून स्थिर झाला की समजा वाळली.

पॅनेल जोडणी, ठाणे

साइटवर पॅनेल जोडताना मी बॅटरीची गन वापरतो म्हणून सांगतो. १८ व्होल्ट, ५ अँपियर-तासाची बॅटरी म्हणजे ९० वॅट-तास. २००० वॅटची गन त्यावर तीन मिनिटंही चालणार नाही, म्हणून बॅटरीवरच्या गन मुळातच काही शे वॅटच्या असतात. फेरूलच्या (वायरीच्या टोकावरच्या टोपीच्या) शेजारी दोन-चार स्लीव्ह, शिडीवर, लाइट नसलेल्या जागी, फार सोयीची. दिवसभर चालणाऱ्या बेंचवर तिचं काम नाही. साइटचं काम नसेल तर पैसे घालू नका.

पॅनेलमध्ये इलेक्ट्रॉनिक कार्ड असतील तर कोणत्याही मोठ्या गनचा झोत कार्डावर जाऊ देऊ नका. कोरड्या हवेच्या झोताने प्लास्टिकवर स्थिर वीज जमते. कार्डाचं काम हॉट एअर स्टेशनवर (बारीक कामाच्या छोट्या गरम हवेच्या यंत्रावर), अर्थ केलेल्या मॅटवर.

जुना फिटर, शिरोली

ताई, २०३ चा आकडा म्हणजे तुमच्या २००० वॅटच्या गनला दुपारी साडेपंधराशेच मिळत होते. त्यात चार वायरींची अर्थिंगची स्प्लाइस. गोंद वितळणार कसा? तो शेरा बदलून घ्या. लेखी.

आता वायरीचं. २००० वॅटला पावणेनऊ अँपियर लागतात. ६ अँपियरच्या सॉकेटात गन घालूच नका, १६ अँपियरचा पॉइंट बेंचवर आणा, २.५ चौरस मिलिमीटरची वायर, आणि दोन गन एकाच पॉइंटवर नकोत. रीळ ठेवायचंच असेल तर वापरताना पूर्ण उलगडायचं. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर जात नाही, मी असं रीळ पेटलेलं बघितलंय. नशिबाने जवळ वाळूची बादली होती.

भोसरीवाल्यांनी वाफेचं लिहिलं ते बरं केलं. मी मेन्टेनन्सच्या बाजूची भर घालतो. थिनर, रंग, सॉल्व्हंट जवळ असेल तिथे हीट गनला वेल्डिंगसारखंच हॉट वर्क परमिट (आगीचा धोका असलेल्या कामाची परवानगी) लागू करा. ज्योत दिसत नाही म्हणून पोरं तिला निरुपद्रवी समजतात. टोल्युइन ४८० अंशांच्या आसपास ठिणगीशिवाय पेटतं, आणि तुमची गन ६०० ची हवा फेकते.

जुन्या मशीनचा रंग गनने खरवडत असाल तर तेही थांबवा. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा घालणारे २०१६ चे नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी आहेत, कारखान्याच्या मशीनच्या रंगांसाठी नाहीत. जुन्या लेथच्या हिरव्या रंगात शिसं असू शकतं. तापवलं की ते श्वासातून जातं.

आणि एक सवय सगळ्यांना लावा. काम झालं की गन लगेच बंद नाही करायची. थंड हवेच्या खटक्यावर एक-दोन मिनिटं चालवून मग बंद. पंखा एकदम थांबला की लाल एलिमेंटची उष्णता मागे सरकते आणि पंख्याचं प्लास्टिक वाकतं. आमच्याकडे दुपारी जेवणाची घंटा झाली की पोरं तशीच बंद करून पळायची. वर्षाला चार गन जायच्या. मी घंटेच्या पाच मिनिटं आधी राउंड मारायला लागलो, मग दोन वर्षांत एकच गेली.

अंबडची सुपरवायझर, नाशिक

उशिरा लिहितेय, पण सगळं होऊन मगच लिहायचं ठरवलं होतं.

मालकांना मी काकांचा १६५ लिटरचा हिशोब आणि माझी २७-१७ ची यादी एकाच कागदावर लिहून दाखवली. ते स्वतः जुने टर्नर आहेत, त्यांनी कॅल्क्युलेटर काढून व्होल्टेजचा वर्ग करून बघितला. २३०० वॅटच्या एकाच गनचा विषय तिथेच संपला. आम्ही डिस्प्लेवाल्या दोन गन घेतल्या, दोन्हींना रिफ्लेक्टर नोझल. मेन्टेनन्सला साधी दोन खटक्यांची एक, तिच्यावर लाल रंगाने ‘मेन्टेनन्स’ लिहिलं आणि ती त्यांच्याच स्टोअरमध्ये राहते. उरलेल्या पैशांत बेंचवर १६ अँपियरचे दोन वेगळे पॉइंट आणि एक थर्मोकपलवाला मल्टिमीटर आला. आता दुपारी चारला गन चालू असताना २१९ मिळतात. ओढणारा पंखा पुढच्या महिन्यात बसतोय, तो मी सोडणार नाही.

डमी स्प्लाइसचा प्रयोग मी आणि त्याच मुलीने रविवारी केला. गनवर ३५० लावल्यावर आमच्या मोजणीत तोंडापासून एक सेंटिमीटरवर ३३५ मिळाले, अडीच सेंटिमीटरवर २८०, पाच सेंटिमीटरवर २०५. अंतराचा एवढा फरक मला ठाऊक नव्हता. पिन आम्ही अडीच सेंटिमीटरवर बसवली. शेवटी ठरलं ते असं: अर्थिंगच्या जाड स्प्लाइसला ३८० आणि १५ सेकंद, नंबरप्लेटच्या बारीक स्प्लाइसला ३०० आणि ७ सेकंद. हे आमच्या स्लीव्हसाठी आणि आमच्या वायरीसाठी आहे, कुणी जसंच्या तसं उचलू नका. एका गनवर जाड, दुसरीवर बारीक, सेटिंग कुणी बदलायचं नाही. दहापर्यंत मोजणं बंद. आता प्रत्येक गनसमोर छोटा टायमर आहे.

एक गोष्ट तिने शोधली, मी नाही. जाड स्प्लाइसच्या वायरी गनखाली धरायच्या आधी जरा उलगडून पसरवल्या तर शेजारच्या वायरीला झोत लागत नाही. तिने फळीवर चार खिळे ठोकून त्यासाठी फिक्श्चर केलं. मला सहा वर्षांत सुचलं नव्हतं.

पुढचा लॉट २०० चा होता. पाठवण्याआधी मी त्यातले बारा हार्नेस रात्रभर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवले आणि सकाळी चिरले. बाराही कोरडे.

रजिस्टरमधला शेरा खोडला गेला. त्याखाली ‘विद्युत पुरवठा आणि प्रक्रियेचा दोष’ असं लिहून मालकांची सही आहे, आणि ते पान मी तिला दाखवलं. रोज शिफ्ट सुरू होताना दोन्ही गनवरची पहिली स्लीव्ह आता तीच चिरते, आणि ती हो म्हणाली की मगच लाइन चालू होते.